कळवळ्याचं पोस्टर

संस्थेत सगळे त्याला कळवळा म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर साहेब. हे नाव टंकलेखिकेने ठेवलं होतं, कारण दर महिन्याच्या पत्रकात हा शब्द तो सहा वेळा घालायचा आणि सहाही वेळा चुकीच्या जागी.

आधी त्याने पाणी गाळायची यंत्रं विकून पाहिली, मग विमा. दोन्हीकडे लोकांनी दार लावून घेतलं. पुढे कुणाच्या तरी ओळखीने तो अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या प्रसिद्धी विभागात चिकटला आणि त्याच्या लक्षात आलं की इथे लोक दार लावत नाहीत. त्यांना लाज वाटते. त्या लाजेवर त्याने बावीस वर्षं काढली. शब्द बदलत गेले. आधी दया होती, मग सेवा, मग हक्क, मग सर्वसमावेशकता. प्रत्येक शब्द तो नव्या शर्टासारखा अंगात घालायचा. आतला माणूस तोच, घामट.

त्याचं भांडवल म्हणजे त्याची ताई. नऊ वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. "माझ्या ताईने माझा आवाज शेवटचा ऐकला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो," असं तो भाषणात म्हणायचा आणि सभागृह गप्प व्हायचं. दर वर्षी ही गोष्ट थोडी फुगायची. एका वर्षी गोष्टीत वादळ आलं. पुढच्या वर्षी डॉक्टर नाहीसा झाला. खरं तर दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता आणि ताईला वडिलांनी सायकलवरून नेलं होतं. भाषणाच्या शेवटी तो खुणांच्या भाषेत 'धन्यवाद' म्हणायचा. एवढी एकच खूण त्याला येत होती. दुसरी शिकायची गरज पडली नाही, कारण टाळ्या पहिलीलाच पडायच्या.

ताई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. बोलायची स्पष्ट, थोडं एकसुरी. समोरच्याचे ओठ वाचायची. अठरा वर्षं ती एका छापखान्यात प्रुफं वाचत होती. खाली यंत्रांचा दणदणाट चालायचा, वरच्या खोलीत ती लाल पेन्सिल घेऊन बसलेली असायची. प्रूफ वाचणाऱ्याच्या सहीशिवाय एकही कागद यंत्रावर चढवायचा नाही, असा मालकांचा नियम होता. एकदा गणिताचं एक अख्खं पुस्तक चुकीच्या उत्तरांसकट छापून गेलं होतं आणि ट्रक भरून परत आलं होतं. तेव्हापासूनचा हा नियम.

या महिन्यात प्रूफ विभागाचे प्रमुख निवृत्त होत होते. त्यांच्या जागी कोण, हे मालक शनिवारी सांगणार होते. ताई, नाहीतर शेजारच्या टेबलावरचा वाचक. तो चार वर्षांपूर्वी आलेला. पानामागे एक चूक हमखास सोडायचा, पण फोन उचलू शकायचा.

रविवारी भाऊ जेवायला आला तेव्हा ताईने त्याला हे सांगितलं. "ही जागा मला हवीय," ती म्हणाली. "माझीच आहे ती." तो "वा, वा" म्हणाला आणि खिडकीशी उभी करून त्याने तिचा फोटो काढला. उन्हामुळे तिचे डोळे बारीक झाले होते. फोटोत ती रडल्यासारखी दिसत होती. म्हणूनच त्याने तो निवडला.

संस्थेच्या नव्या मोहिमेचं पोस्टर छापायला त्याने ताईच्याच छापखान्यात दिलं. संस्थेला तिथे सवलत होती. बावीस वर्षं मजकूर लिहिणाऱ्या या माणसाच्या डोक्यात एवढं आलं नाही, की छापायच्या आधी तो कुणीतरी वाचतं. ताई काय काम करते असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "कागदपत्रांचं काहीतरी आहे."

बुधवारी अकरा वाजता प्रूफ तिच्या टेबलावर आलं. कागदभर तिचाच चेहरा. वर मोठ्या अक्षरांत: 'तिला ऐकू येत नाही. तुम्हाला येतंय का?' खाली: 'ती एकटी रस्ता ओलांडू शकत नाही. फोनची घंटा तिच्यासाठी वाजत नाही. तिला काम कोण देणार?'

नेहमीप्रमाणे तिने आधी शुद्धलेखन पाहिलं. वेलांटीच्या दोन चुका निघाल्या. मग 'ओलांडू शकत नाही'वर रेघ मारून समासात लिहिलं: 'रोज चार रस्ते'. शेवटच्या ओळीवर रेघ मारून लिहिलं: 'अठरा वर्षं कामावर आहे'. सही केली नाही. ती हात धुवायला गेली तेवढ्यात शेजारचा वाचक कागद उचलून मालकांकडे गेला. "बघा साहेब, मी नाही म्हणत. तिच्या सख्ख्या भावानेच लिहिलंय."

सही अडल्याचा निरोप मिळाला तसा दुपारी कळवळा धावत आला.

"अगं ताई, ती तू नाहीसच. ते प्रतीक आहे."

"मग प्रतीकाला माझं नाक कशाला?"

"असं लिहिलं नाही तर लोक थांबून वाचत नाहीत गं."

"मालकांनी वाचलं थांबून. शनिवारी ते काय ठरवणार आहेत, आठवतंय? जेवताना सांगितलं होतं तुला."

त्याला आठवत नव्हतं. "बोलतो ना मी त्यांच्याशी. शिफारस करतो तुझी."

"तुझी शिफारस नको मला. लिहिलेलं खोड."

तो खिडकीकडे वळून पुटपुटला, "सोमवारी मोहिमेचं उद्घाटन आहे, आमच्या संचालकबाई माझा जीव घेतील."

"इकडे तोंड करून बोल. एवढं तरी शिकवलं असेल तुमच्या प्रशिक्षणात."

तो मालकांच्या खोलीत गेला. "ताई जरा भावनिक झालीय. सहीशिवाय छापा, जबाबदारी माझी."

"भावनिक?" मालक म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा मी दोन ओळी लिहिल्या होत्या छापायला. रडत होतो मी. हिने त्यात चार चुका काढल्या आणि माझ्याच हातात पेन्सिल दिली." त्यांनी पोस्टर पुढे सरकवलं. "सरळ सांगा, यातलं खरं काय? मला शनिवारी माणूस नेमायचाय."

एक वाक्य पुरलं असतं. 'मी बनवून लिहिलंय, ती सगळं करते.' सहा वर्षांच्या पोरालाही जमलं असतं. पण हे संचालकबाईंच्या कानावर गेलं तर? कळवळ्याने घसा साफ केला.

"तसं पाहिलं तर," तो म्हणाला, "प्रत्येकाचा प्रवास वेगळा असतो."

मालकांनी कागद त्याच्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं.

शुक्रवारी मालकांनी दोन्ही टेबलांवरून गेलेली वर्षभराची प्रुफं काढून चाळली. शनिवारी जागा ताईला मिळाली. प्रमुखांच्या टेबलावरचा फोन उचलून शेजारच्या टेबलावर ठेवला. आठ फूट तार लागली. एवढीच ती अडचण होती.

पोस्टर दुसरीकडे छापून झालं. चेहरा कुठल्याशा अनोळखी बाईचा. वेलांटीच्या दोन्ही चुका जागच्या जागी.

बढतीची बातमी कळवळ्याला बायकोकडून कळली. त्याच दिवशी त्याने पत्रकात लिहिलं: 'आमच्या मोहिमेचं पहिलं यश!' आणि छायाचित्रकाराला घेऊन तो छापखान्यात हजर झाला. दारातल्या कारकुनाने हात आडवा घातला.

"प्रूफ विभागात बाहेरच्यांना मनाई आहे. प्रमुखांची ऑर्डर."

"अरे, प्रमुख माझी बहीण आहे!"

"हो, तेही म्हणाल्या त्या. असं सांगणारा येईल म्हणून."

त्याने चिठ्ठी आत पाठवली: 'ताई, दोनच मिनिटं. एक हसरा फोटो.' उत्तर आलं नाही. तो बाकावर बसून राहिला. छायाचित्रकार कंटाळून निघून गेला. साडेपाचला यंत्रं थांबली, माणसं बाहेर पडली. त्यांत ताई नव्हती.

ती मागच्या जिन्याने गेली होती. त्याला चुकवायला नव्हे. तिची बस त्या बाजूने सुटते, अठरा वर्षं तिथूनच सुटते. हे त्याला कारकुनाने सांगितलं.