बेसनाची कोठी

मेहरूणजवळच्या डाळगिरणीतला तो माणूस बेसनाच्या कोठीला कधी हातोडा मारत नसे. बेसन अडकलं की तो खालून हवा सोडी आणि पत्र्यावर तळहात ठेवून धार सुरू होण्याची वाट पाही. हवा बंद केली की धार थांबे.

“ठोकं तं आखो घट्ट बठस, सर. हवा दी का बठ्ठं उतरस,” तो सांगे, आणि हवेने खरंच सगळं बेसन खाली उतरे.

पत्नी गेल्यावर महिन्याने मी तिथे गेलो आणि सवयीने म्हणालो, “दोन किलो. तिला जाडसर लागतं.”

हमाल चपापला. “सर, वहिनी तर...”

कोठीजवळच्या त्या माणसाने हमालाला नजरेनेच गप्प केलं, पिशवी भरली आणि मला विचारलं, “लाडूले का, सर?”

ती लाडू कसे वळायची, ते मी त्याला बराच वेळ सांगत राहिलो. घरी भेटायला आलेल्या कुणीच तिच्याबद्दल काही विचारलं नव्हतं.