आत्याची छाटणी

इतर बायका कमरेला किल्ल्या अडकवतात. बिरवाडीची माझी आत्या कोयती अडकवायची. त्यासाठी पुरुषांसारखी लोखंडी आकडी करून घेतली होती तिने. लग्नाला जातानासुद्धा ती काढून ठेवणं तिच्या जिवावर यायचं. शेजाऱ्यांना तर आपली झाडं तिच्या नजरेआड ठेवता आली असती तर बरं वाटलं असतं.

घरामागच्या परसात पेरू, चिकू, लिंबू आणि एक पपनस होतं. पाऊस उघडला की तिची छाटणी सुरू. खोडातून सरळ वर उठणाऱ्या, फळ न धरणाऱ्या कोंबांना ती 'फुकटखाऊ' म्हणे. "नुसती उंची हाय, कामाचं काय नाय," असं म्हणत एका घावात उडवायची, आणि म्हणताना माझ्या उंच नवऱ्याकडे बघायची. कापल्या जागी शेणमातीचा लेप लावताना मात्र हात अगदी हलका असे.

छाटणीच्या आदल्या संध्याकाळी ती प्रत्येक झाडापाशी जाऊन खोडावर तळवा ठेवी आणि सांगे, "उद्या येते हां, बाय." न सांगता लोखंड लावलं तर झाड दचकतं आणि वर्षभर फुलत नाही, असं तिच्या माहेरी, म्हणजे आमच्या पोलादपूरकडच्या गावी मानतात. मीही मानते. तिच्यासमोर हसायची कुणाची टाप होती?

मग सुभाषची, तिच्या मुलाची, कंपनीतली नोकरी गेली. बिरवाडीत कामगारांना खोल्या मिळत नाहीत. परसात चार खोल्या काढल्या तर घर चालेल, असं त्याने चाचरत सांगितलं. हो म्हणाली ती आत्याच. "पेरूंवर घर चालायचं नाय रे," एवढंच बोलली. दिवाळीनंतर झाडं तोडायची ठरली. तरी पाऊस उघडल्यावर तिने नेहमीसारखी छाटणी केली. मी चिडून विचारलं, "आता कशाला, आत्या?"

"मग झिपऱ्या घेऊन जाऊ दे काय त्यांना?" ती म्हणाली.

तोडायच्या आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले. आत्या मागल्या दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर थांबली आणि परत फिरली. "माझ्याच्यानं नाय सांगवत," म्हणाली. शेवटी सुभाष जाऊन एकेका झाडाला हात लावून आला. काय बोलला कोण जाणे, पण आल्या आल्या तोंड धुवायला गेला. मला फार वाईट वाटलं, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना.

खोल्या झाल्या, भरल्याही. त्यानंतर एकच हिवाळा आत्या होती. तिचं मन रमेल म्हणून मी तिला महाडला माझ्याकडे आणलं. माझ्या दारचा पेरू नुसता माजला होता. तिने त्याच्याभोवती फेरी मारली, एक फांदी धरली, सोडली, दुसरी धरली. कोयती उचललेला हात तसाच राहिला. डोळे मिटूनही छाटणी करील असं जिच्याबद्दल आम्ही म्हणायचो, ती माझ्याकडे वळली.

"कुठली ठेवायची तेच समजत नाय गो आता."

चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली, आणि बिरवाडीच्या रिक्षात जाऊन बसली.