शीलाबाईचा कोरा चहा

आर्णीच्या अलीकडच्या तांड्यात शीलाबाईच्या वावरात तण निंदायला बाया आनंदानं जात, त्या तिच्या चहासाठी. मजुरी सगळीकडे सारखीच. पण दुपारी तीनला बांधावर येणारा चहा सारखा नसतो, आणि बायांच्या जिभेला ते बरोबर कळतं.

तिची सासू बिजलीबाई सांगायची, तिच्या तरुणपणी तांड्यात चहा उकळायचा तो फक्त पाहुण्यासाठी. वावरात मजुराला मडक्यातलं पाणी, आणि मालक खुशीत असला तर गुळाचा खडा. मग कधीतरी एकानं किटली आणली, त्याचं पाहून दुसऱ्याला आणावी लागली, आणि आता चहा नाही तर बाया नाहीत. मालकाची दानत किती, ते किटलीत दिसतं.

शीलाला हे कोणी शिकवायला नको होतं. माहेरी, घाटंजीकडे, ती स्वतः दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायची. तिथली मालकीण दोन किटल्या आणायची. दुधाची घरच्यांना, कोऱ्या चहाची मजुरांना. एकदा शीला सगळ्या बायांसमोर म्हणाली होती, “मी मालकीण झाली ना, त कोणाले कोरा नाही पाजणार.” बाया पोट धरून हसल्या होत्या.

पण ती झाली मालकीण. नवरा भारत आणि ती, दोघांनी राबून वावर उभं केलं, म्हैस घेतली, आणि शीलानं शब्द पाळलाही. आलं ठेचलेला, घट्ट दुधाचा चहा. कितीतरी वर्षं.

यंदा डेअरीची गाडी थेट तांड्यात यायला लागली, थेंबाथेंबाचे पैसे होऊ लागले आणि तिचा हात आखडला. आधी चहात पाणी वाढलं, मग दूध पडायचंच बंद झालं. स्वतःचा दुधाचा कप ती घरी चुलीपाशी उभ्या उभ्या पिऊन यायची, आणि वावरात बायांसोबत घोटभर कोरा घ्यायची. लबाडी केली की सोंगही करावं लागतं.

बायांमधली सगळ्यात म्हातारी मानीबाई. शेजारच्या गावची, एकटी, घरी एक बकरी. तिनं एक दिवस विचारलं, “म्हैस आटली का जी, बाई?”

विचारण्यात खोच असती तर शीला भांडली असती. पण म्हातारी खरोखर काळजीनं विचारत होती. शीला बोलून गेली, “हो ना. आटली.”

दुसऱ्या दिवशी मानीबाईनं पदराआडून औषधाची बाटली काढली. तळाशी बकरीचं दूध. “तुमच्यापुरतं आणलं जी. मालकिणीनं कोरा प्यावा, बरं नाही वाटत.” तेवढ्या दुधात मानीबाईचा संध्याकाळचा चहा व्हायचा, हे शीलाला ठाऊक होतं. शरमेनं तिचे कान तापले. पण नको म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. ती प्याली. मग रोज बाटली यायला लागली आणि ती रोज पीत गेली.

एका दुपारी मानीबाई बाटली घरी विसरली, म्हणून संध्याकाळी ती द्यायला तांड्यात आली. शीला अंगणात होती, दोन्ही हातांत काठोकाठ भरलेली कॅन. डेअरीची गाडी समोर उभी. मानीबाईनं कॅनकडे पाहिलं, गोठ्यातल्या म्हशीकडे पाहिलं, बाटली ओट्यावर ठेवली आणि परत फिरली.

संध्याकाळी दारात आलेलं माणूस चहा न घेता गेलं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं शीलाला.

दुसऱ्या दिवशी किटलीत दूध होतं, आलं होतं, साखरही जास्तच. बाया कपात पाहत राहिल्या. बबिता नावाची एक बोलकी बाई काही विचारणार, तेवढ्यात मानीबाई म्हणाली, “म्हैस दुधावर आली बाईची. मी काल माह्या डोळ्यानं पाह्यलं.”

आटलेली म्हैस व्यायल्याशिवाय दुधावर येत नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. बबितानं शीलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सगळ्यांनी मुकाट्यानं चहा प्याला, कप विसळले आणि त्या पुन्हा निंदायला बसल्या. शीलाच्या हातातला चहा तसाच निवून गेला.