नटावरची लाल रेघ

सकाळी सातला गॅसवर दूध वर येत होतं आणि नेमकं तेव्हाच दार वाजलं. एका हाताने गॅस बंद करत, दुसरा हात पदराला पुसत मी दार उघडलं. समोर पंचावन्नच्या आसपासचा एक सडसडीत माणूस उभा होता. कमरेच्या पट्ट्याला पान्हा, काखेत जाडजूड वही, आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारी लाल नेलपॉलिशची बाटली.

"ताई, मी परांचीचा मिस्त्री. तुमच्या मागच्या खोलीत दोन मिनिटं यायचंय. खिडकीतला पाईप बघायचाय."

आमच्या चार मजली इमारतीला बाहेरून गिलावा करण्याचं काम सुरू होतं. भिंतीला लागून लोखंडी पाईपांची परांची उभी होती आणि ती भिंतीपासून सुटू नये म्हणून ठिकठिकाणी इमारतीला बांधलेली होती. त्यातला एक बांध नेमका तिसऱ्या मजल्यावर आमच्या वाट्याला आला होता. हातभर लांबीचा एक पाईप खिडकीतून आत यायचा. त्याचं बाहेरचं टोक परांचीच्या खांबाला आणि आतलं टोक चौकटीत ताठ ठोकून बसवलेल्या उभ्या पाईपाला क्लॅम्पने आवळलेलं. त्यामुळे खिडकी सताड उघडी. महिनाभर तरी अशीच राहणार, असं आम्हाला सांगितलेलं होतं.

"कोण आहे गं?" सासूबाई आतून. "पाईप बाहेरून दिसत नाही का त्याला?"

"बाहेरून दिसला, आजी. म्हणूनच आतून बघायचाय."

मिस्त्रींनी चपला दाराबाहेर काढल्या आणि मागच्या खोलीत गेले. आधी पाईप दोन्ही हातांनी धरून हलवला. मग खिडकीची चौकट हलवली. मग, का कोण जाणे, सासूबाईंच्या पलंगाचा पायही हलवून पाहिला. पान्ह्याने दोन्ही नट आवळले, नेलपॉलिशची बाटली उघडली आणि नटावरून बोल्टवर, बोल्टवरून क्लॅम्पवर अशी एक सरळ लाल रेघ ओढली.

"या खिडकीला कुणी हात लावला होता का?"

"कोण लावणार? आम्ही तिघंच असतो घरात."

"तिघं," ते म्हणाले, आणि पंचनाम्याला आल्यासारखी खोलीभर नजर फिरवली. पलंगाखाली, कपाटावर, माझ्याकडे. मग वहीत काहीतरी लिहून निघून गेले.

दार लागतंय न लागतंय तोच सासूबाई म्हणाल्या, "चमचे मोजून घे. पुरुषमाणूस खिशात नेलपॉलिश घेऊन फिरतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि माझ्या पलंगाखाली काय बघत होता मेला?"

खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं नव्हतं. मी चमचे मोजले. पूर्ण होते.

दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा दार वाजलं. पुन्हा मिस्त्रीच.

"रेघ तुटलीय, ताई."

मी पाहिलं. नटावरची लाल रेघ एकीकडे आणि बोल्टवरची दुसरीकडे, वाटा वेगळ्या झालेल्या दोन भावांसारखी. नट कुणीतरी फिरवला होता यात शंकाच नव्हती.

"वाऱ्याने होतं का असं?" मी विचारलं.

"वारा पाईप हलवतो. पान्हा नाही लावत."

त्या दिवशी त्यांना चहा दिला. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. मला हसू आलं, तर तेही ओशाळले. "सवय आहे. साईटवरची माणसं मला पाठीमागे 'हलवून बघू' म्हणतात. तोंडावर मिस्त्री. बायको म्हणते, मला बघायला आलात तेव्हाही आधी दाराची कडी हलवून पाहिलीत."

"मग कडी कशी निघाली?"

"ढिली होती. पण माणसं चांगली होती."

बायको शिवणकाम करते. लेक नोकरीला लागलीय, नेलपॉलिश तिची. पूर्वी ते खडूने रेघ मारायचे, पण खडू धुऊन जातो आणि कुणीही पुन्हा मारू शकतो. हे लाल लेकीच्या खास आवडीचं. तसला रंग दुसऱ्या कुणाकडे सापडायचा नाही, आणि एकदा वाळला की तडकल्याशिवाय सुटत नाही. तेव्हापासून लेक बाटली शोधत घरभर फिरते आणि बाप साळसूदपणे पेपर वाचत बसतो.

बांबू आणि सुंभाच्या काळापासून ते या कामात होते. गाठ मारताना बोलायचं नाही, असं त्यांच्या उस्तादाने शिकवलेलं. पुढे लोखंड आलं, गाठी गेल्या, नट आले, पण काम करताना न बोलण्याची सवय राहिली. चहा पिताना मात्र बोलले. एकदा, फार वर्षांपूर्वी, एका साईटवर घाईघाईत त्यांनी न बघता वहीत सही केली होती. सुपरवायझर मागे लागला होता, वरच्या मजल्यावर माल थांबला होता. दुपारी एक गवंडी फळीसकट खाली आला. जगला. पण डावा पाय कायमचा गेला.

"मी केलेल्या सहीवर भरवसा ठेवून चढला होता तो," मिस्त्री म्हणाले. "अजून भेटायला जातो मी. तो काही बोलत नाही मला. बोलला असता तर बरं झालं असतं."

कप ठेवताना त्यांनी बशी जरा हलवून पाहिली.

"म्हणून विचारतो, ताई. राग मानू नका. घरात पान्हा आहे?"

"आहे. नळाचा. सिंकखाली असतो."

ते गेल्यावर मी सिंकखाली बघितलं. पान्हा नव्हता.

संध्याकाळी आमचे हे घरी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. पान्ह्याचं सोडून. तसं का केलं ते त्या वेळी माझं मलाही कळलं नाही. हे एकदम भडकले. एरवी भाजीत मीठ नसलं तरी न बोलता जेवणारा माणूस.

"रोज उठून लोकांच्या घरात शिरायचं म्हणजे काय? करारात स्पष्ट लिहिलंय, कामगारांनी घरात पाऊल टाकायचं नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, मला माहीत आहे!"

"तेच म्हणते मी," सासूबाईंनी दुजोरा दिला. "जागा हेरून जातोय तो."

आता त्या कराराचं असं, की ह्यांनी त्यातलं पहिलं पान वाचलं होतं आणि शेवटच्या पानावर सही केली होती. मधली अडतीस पानं मी वाचली होती, कारण तो दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर पडून होता आणि छापलेलं काही समोर दिसलं की माझ्याच्याने राहवत नाही. मी तो पुन्हा काढला. कामगारांनी घरात यायचं नाही हे खरंच होतं. पण त्याच्याच खालच्या ओळीत लिहिलं होतं: परांची जिथे इमारतीला बांधली आहे ती जागा तपासायला नेमलेल्या मिस्त्रीला येऊ द्यावं. त्याच्याखाली: बांध सोडणं, सरकवणं, बदलणं हे काम फक्त त्यानेच करायचं. दर सात दिवसांनी, जोराचा वारा सुटून गेल्यावर आणि काहीही बदल झाला की त्याने तपासून वहीत सही करायची, आणि मगच शिडीपाशी हिरवी पाटी लावायची. लाल पाटी असेल तर कुणीही चढायचं नाही.

मी हे मोठ्याने वाचलं. काम सुरू होताना एकदा वाचून दाखवलं होतंच. तेव्हा दोघं ऐकत होते. या वेळी हे चॅनल बदलत राहिले आणि सासूबाईंना एकाएकी झोप आली.

मला गंमत वाटली ती त्या झोपेची. परांची उभी राहिल्यावर पहिले चार-पाच दिवस या बाईंना झोप म्हणून नव्हती. उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर त्या पेले आणि डबे रचून ठेवायच्या, चोर आला तर खणखणाट व्हावा म्हणून. सकाळी डोळे तारवटलेले, आणि दिवसभर एकच पालुपद, खिडकी लावा. मग एके दिवशी पेले पुन्हा फडताळात गेले, पालुपद थांबलं. मला वाटलं, अंगवळणी पडलं असेल. आणि बरोबर त्याच सुमारापासून आमचे हे सकाळी साडेपाचला उठायला लागले होते. व्यायामासाठी, म्हणे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या माणसाने कधी व्यायाम केलेला मी पाहिला नव्हता.

संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा बैठकीत थांबत नाही. थेट माजघरात येतो. दाराबाहेरच्या माणसासाठी मी चमचे मोजले होते. आता मी घरातल्या माणसांच्या सवयी मोजत होते.

तिसऱ्या दिवशी दार वाजलंच नाही. खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून बाल्कनीतून पाहिलं, तर शिडीपाशी लाल पाटी. आठ-दहा गवंडी घमेली उपडी घालून बसलेले. मिस्त्री शिडीला पाठ लावून उभे, आणि सुपरवायझर त्यांच्या तोंडासमोर वही नाचवत होता.

"अहो, परांची उभी आहे ना? पडलीय का? मग सही करा!"

"उभी आहे. बांधलेली नाही. तिसऱ्या मजल्यावरचा बांध तीन दिवस रोज सुटतोय. वरच्या दोन टप्प्यांचा भार त्याच्यावर आहे."

"मग आवळा आणि करा सही!"

"आवळतो मी रोज. कोण सोडतंय ते कळेपर्यंत सही नाही करणार. मी इथून हललो की पुन्हा सुटेल."

हे खाली पोचले होते. सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले, "हा माणूस रोज घरात शिरतो. रहिवाशांवर आळ घेतो. आम्हाला दुसरा मिस्त्री द्या."

सुपरवायझरला तेच हवं होतं. "दुपारपर्यंत आणतो, साहेब. सही करणारे पुष्कळ मिळतात."

गवंड्यांतला एक जण बसल्या जागेवरून ओरडला, "आणि चढणारे?" कुणी हसलं नाही.

मिस्त्री शिडीपासून हलले नाहीत. वहीला हातही लावला नाही. दुपारी दुसरा कुणी येणार, खाली उभ्याउभ्या सही करणार, पाटी हिरवी होणार आणि ही बसलेली माणसं वर जाणार, हे तिथे सगळ्यांना दिसत होतं.

मी आत गेले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, पाय खाली सोडून, दोन्ही बाजूंनी चादर जमिनीपर्यंत ओढून. इतकी नीट चादर त्यांनी कधी घातली नव्हती.

"आई, जरा पाय वर घ्या."

"कशाला?"

"झाडायचंय."

"सकाळीच झाडलंस की!"

त्यांनी पाय घेतले नाहीत. मी खाली वाकून चादर उचलली. आत, भिंतीच्या कडेला, माझ्या सिंकखालचा पान्हा. उजेडात धरला तर दातांमध्ये लाल टिकल्या अडकलेल्या.

आता कुठे सासूबाईंनी पाय वर घेतले. मग म्हणाल्या, "मीच तुझ्या नवऱ्याच्या मागे लागले होते. उघड्या खिडकीशी डोळा लागत नाही गं मला. रात्री निजताना पाईप काढायचा, खिडकी लावायची आणि सकाळी तू उठायच्या आत पाईप परत बसवायचा. कुणाचं काय बिघडलं? तुला सांगितलं असतं तर तू ते कागद वाचत बसली असतीस."

मी पान्हा पदराखाली धरून खाली गेले. ह्यांना बाजूला घेतलं आणि फक्त दाखवला.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

ह्यांचा चेहरा उतरला. चारचौघांत आपली चूक कबूल करणं या माणसाला किती जड जातं ते मला ठाऊक आहे. मग त्यांनी माझ्या हातातून पान्हा घेतला आणि मिस्त्रींसमोर जाऊन उभे राहिले.

"पाईप मी काढत होतो. आई घाबरते म्हणून. रात्री कुणी चढत नाही, म्हटलं चालेल. सकाळी घट्ट बसवत होतो, अगदी दोन हातांनी."

सुपरवायझरने वही खाली केली. गवंडी उठून उभे राहिले. कोणीतरी पुटपुटलं, "साहेबांच्या घरातूनच!"

मिस्त्रींनी पान्हा घेतला. उलटसुलट करून पाहिला, दातांतल्या लाल टिकल्या नखाने काढल्या. मला वाटलं, आता मिस्त्री बोलतील. तीन दिवस आमच्या घराने त्यांना चोरात काढलं होतं, ह्यांनी तर कामावरून घालवायचंच ठरवलं होतं. बोलायचा हक्क होता.

"हा नळाचा पान्हा आहे, साहेब," ते म्हणाले. "याने नट हाताला घट्ट लागतो, पण पाईपाला धरत नाही. आणि रात्री माणूस चढत नसला तरी वारा चालूच असतो."

"चुकलं माझं," हे म्हणाले.

"आजींची भीती खोटी नाही. उघड्या खिडकीशी कोण झोपेल? मला सांगितलं असतं तर मी तो बांध जिन्याच्या खिडकीत नेला असता. एका सकाळचं काम."

सुपरवायझर घसा खाकरून म्हणाला, "मग आता सही—"

"बांध हलवल्यावर. आधी नाही."

त्यांनी पट्ट्यातला स्वतःचा पान्हा काढला आणि शिडीची पहिली पायरी हलवून पाहिली. मग आमच्या ह्यांच्याकडे वळले.

"एकच विनंती आहे, साहेब. परांचीतला कुठलाही पाईप नको झाला, तर मला हाक मारा. तुम्ही काढू नका."