फळीवरची अढी

आमच्या देवगडकडे आंब्याच्या हंगामात बाईला मरायलाही सवड नसते, मग कंबर दुखायला कुठून असणार? माझी दुखली. एसटीतून तळेऱ्याला उतरताना अशी कळ आली की दांडा धरून तशीच उभी राहिले. कंडक्टर ओरडतोय, मागची माणसं ढकलतायत, आणि माझा पाय काही उचलेना.

कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला जमिनीवरची पिशवी उचलायला सांगितली. जन्मभर उचलत आले तशी उचलली, पाय ताठ आणि पाठीची कमान. त्या म्हणाल्या, "गुडघे मोडून खाली जा. ओझं अंगाशी धरा. रोजचं काम कंबरेच्या उंचीवर आणा." घरी येऊन मी हे सगळ्यांना ऐकवलं. सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रोजचं काम म्हणजे अढी. जमिनीवर गवत पसरायचं, त्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा गवत. मग पिकेपर्यंत कमरेत वाकून एकेक आंबा चाचपायचा, डागी निघाला तर वेगळा काढायचा. सासूबाईंचं उभं आयुष्य त्यात गेलं. आता पाठ अशी वाकलीय की चालताना त्यांची नजर स्वतःच्या पावलांवर असते. गाव कौतुकाने म्हणतो, कामाची बाई! त्या कौतुकाचा मला संताप येतो. माझीही पाठ त्याच वाटेला लागली होती आणि मी घाबरले होते, खरं सांगते.

म्हणून यंदा मी रिकामे क्रेट एकावर एक रचले, वर फळ्या टाकल्या आणि अढी कंबरेच्या उंचीवर घातली. नवरा म्हणाला, "आयेक काय सांगतलंस?" म्हटलं, "तुमीच सांगा." लगेच त्याला बागेतलं काम आठवलं.

सासूबाई कडाडल्या. "अढी भुयेर घालतत गो! जमनीच्या उबेन आंबो पिकता. फळयेर ठेवन तेका काय पाळण्यात घालतलंस?"

"आई, आंब्याक ऊब होयी, मगे माझ्या पाठीचा काय?"

"आमका पाठ नाय होती?"

"होती. खंय गेली ती?"

बोलून गेले. त्या उठल्या आणि पडवीत जाऊन बसल्या. त्यानंतर अढीच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

आंबे पिकायला लागले, बरं का! जमिनीवर पिकतात तसेच, पिवळेधमक. मी ताठ उभी राहून, एकेक पाय आळीपाळीने विटेवर टेकवून काम करायचे. भाकऱ्या थापून उठताना तोंडातून "आई गं" निघेनासं झालं. कुशीवर वळताना झोप मोडेना. मी खुशीत होते.

मग एका दुपारी सासूबाई स्वतःहून आल्या. अढीतला पहिला पिकलेला आंबा वासावरून काढावा तो त्यांनीच, तो आमच्या घरात त्यांचा मान. पण फळीशी आल्या तर डोकं फळीच्या खालीच. मान वर करायला गेल्या, होईना. हात वर घातला, तो पहिल्या ओळीच्या पुढे जाईना. फळीची कड धरून तशाच राहिल्या. माझी पाठ वाचवायला म्हणून मी अढी उचलली, आणि ती नेमकी त्यांच्या हाताबाहेर नेऊन ठेवली.

मी धावले. कोपऱ्यात गवत पसरलं, टोपलीभर आंबे खाली काढले. "आई, तुमची अढी हय घालतंय."

त्या टेकल्या. एक आंबा नाकाशी नेला, नको म्हणून ठेवून दिला, दुसरा घेतला. मी घाईघाईने शेजारी आंबे मांडायला लागले, जुन्या सवयीने, कमरेतून वाकून. पाठीत एक सणसणीत थाप बसली.

"गुडघे मोड! त्या डॉक्टरणीन काय सांगल्यान तुका?"

मी गुडघे मोडून बसले. त्या आंबा हुंगत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "माका कोणी सांगूकच नाय गो."