गजेंद्र सरांची मोबाइलवरची सहल

आमच्या अकोल्याच्या शाळेत गजेंद्र सर इतिहास शिकवत असताना शेजारच्या वर्गात गणित शिकवणं ही शिक्षा होती, आणि मी ती सहा वर्षं भोगली. दर चौथ्या वाक्याला सर विचारायचे, "समजलं काय बे?" आणि पोरं छतावरचे टिनपत्रे उडतील अशी ओरडायची, "होऽऽ!" भिंतीअलीकडे माझा लसावि कोसळायचा. मी भांडायला गेले की म्हणायचे, "रश्मी मॅडम, आवाज नाई आला तर मले कसं समजन, पोट्टे जागे आहेत का झोपले?"

मग कोरोना आला आणि शाळा मोबाइलवर गेली. सगळ्या तासांची सूत्रं माझ्या हाती होती, म्हणून नियम मी केला: तास चालू असताना सगळ्या पोरांचे माईक बंद, आणि माझ्याशिवाय ते कोणालाही उघडता येणार नाहीत. खरं सांगते, मला त्यात जरा सुखच वाटलं होतं. सरांचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत गेला. पडद्यावर पस्तीस चौकोन, निम्म्यांत नुसती नावं, आणि 'हो' मात्र एकाचंही नाही. नोकरीची तीन वर्षं बाकी असताना त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. मला ते कळलं तेव्हा जेवण गेलं नाही.

"सातवीची सहल तेवढी राह्यली," म्हणाले. "ते करतो, न मंग अर्ज देतो."

सातवीची सहल दरवर्षी अचलपूरला जायची. त्या वर्षी निर्बंध सैल झाल्यावर सर एकटेच एसटीनं गेले, आणि पोरं आपापल्या घरी डबे भरून मोबाइलसमोर बसली. हौज कटोऱ्यापाशी पोचून सरांनी फोन समोर धरला. हौदाच्या मधोमध आठ बाजूंची जुनी इमारत उभी. सरांच्या अंगात बऱ्याच महिन्यांनी जुने सर आले.

"मोजा बाजू! दिसलं काय बे?"

उन्हात सरांना पडदा दिसत नव्हता; त्यांनी फोन कानाशी नेला.

"अरे, ऐकू येऊन राह्यलं काय?"

सहलीत तरी माईक उघडे असतील असं सर धरून चालले होते; ते उघडावेत, एवढी अक्कल मला तेव्हा आली. पण नेमकं माझंच नेट अडकलं. चित्र गोठलं, आवाज तेवढा येत होता, आणि बटण किती दाबलं तरी काही होईना.

सर हौदाच्या काठावर बसले असावेत. "कोणीच नाई आलं," ते स्वतःशीच पुटपुटले. "जाऊ द्या. उद्या अर्ज देऊन टाकतो."

पस्तीस पोरांनी ते ऐकलं, मीही ऐकलं. स्वतःच्या नियमाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढचं सरांनीच मला सांगितलं, आणि अजूनही भेटेल त्याला सांगतात. त्यांचा फोन वाजला. सातवीतल्या आचलनं तास सोडून सरळ त्यांनाच फोन लावला होता.

"सर, आमी सारेच आहो! मॅडमनं तोंडं बंद केले आमचे."



"न अर्ज-बिर्ज काई देऊ नका," तिनं त्यांना दटावलं. "चारच बाजू दिसल्या आमाले. उठा, बाकीच्या चार दाखवा."

सर उठले, डोळे पुसले आणि हौदाच्या काठानं पलीकडे चालायला लागले.