बापूंचा बोर्ड

गॅरेज जुनं झालं की तिथं दोन गोष्टी साठतात. जळके स्पार्क प्लग आणि किस्से. दोन्हींचा उपयोग शून्य, पण टाकवत कुणालाच नाहीत. उद्यमनगरात रफिक मिस्त्रीच्या गॅरेजात संध्याकाळी चहाला बसलं की कुणीतरी हमखास विचारतं, ते तुमच्या रेसचं काय झालं हो? मग मी सुरू करतो. हल्ली हसत सुरू करतो आणि मध्येच गप्प बसतो. म्हणून एकदाचं लिहूनच काढतोय.

आमची टीम म्हणजे चार माणसं आणि एक टेंपो. गाडी पळवणारा प्रशांत, म्हणजे आमचा पश्या. गाडी बांधणारा रफिक. पश्याचे वडील बापू, ज्यांचं शिवाजी पेठेत जनावरांच्या पेंडीचं दुकान. आणि टेंपो माझा. मोटरसायकल रेसिंगच्या राष्ट्रीय चॅम्पियनशिपला बाकीच्या टीम एकसारखे टीशर्ट घालून यायच्या. आमच्या टेंपोला सरकीचा वास, आणि त्यातून उतरणाऱ्या चौघांनाही!

गेल्या मोसमात एका कंपनीच्या मॅनेजरनं पश्याला शब्द दिला होता, की चॅम्पियन झालास तर पुढच्या वर्षी आमची गाडी आणि आमचा पगार. पश्या तिशीला टेकलेला. घरात बापूंनीही सांगून ठेवलं होतं, की नाही झालास तर दुकान. सध्या गाडी गॅरेजात मागच्या बाजूला ताडपत्रीखाली आहे आणि पश्या दुकानात पोती मोजतोय. तेव्हा निकाल काय लागला, ते विचारू नका.

* * *

पश्याचा थोरला भाऊ महेश हा माझा वर्गमित्र. राधानगरी रोडला एका संध्याकाळी मोटरसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला आणि जागीच गेला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. आपल्याकडं हे नेहमीचंच. आपल्या घरात घडेपर्यंत सगळं नेहमीचंच असतं.

त्यानंतर पश्याच्या आईनं, म्हणजे काकींनी, त्याला देवापुढं उभं केलं आणि रस्त्यावर मोटरसायकल चालवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. पठ्ठ्यानं ती पाळली. ट्रॅकवर ज्याला गाठताना पोरांच्या नाकी नऊ यायचे, तो गावात सिटी बसला लोंबकळत फिरायचा. कंडक्टर ओळखीचे झाले होते. "या चॅम्पियन, मागनं चढा!"

एकदा एका कॉलेजनं त्याला रस्ता सुरक्षा सप्ताहाला पाहुणा म्हणून बोलावलं. गेटवर पोरं मोबाईल रोखून उभी. आता कशी सूं करून गाडी येतेय, म्हणून. पश्या आणि मी रिक्षातून उतरलो. त्याच्या काखेत हेल्मेट. प्राचार्यांनी रिक्षाच्या मागं वाकून बघितलं आणि हळूच विचारलं, "सर, गाडी?"

"आई नको म्हणती," पश्या म्हणाला.

पोरं पोट धरून हसली. प्राचार्य मात्र हुशार, त्यांनी त्याच एका वाक्यावर अख्खं भाषण ठोकलं. मीही हसलो. परत येताना पश्या रिक्षात हेल्मेटची काच पुसत बसला. ते कॉलेज महेशचं.

* * *

मग याच काकींनी रेसला परवानगी कशी दिली, हे सगळेच विचारतात.

महेश गेल्यावर पश्या वर्षभर गॅरेजात नुसता बसून असायचा. जेवण तुटलेलं, बोलणं तुटलेलं. शेवटी रफिक काकींकडं गेला. त्यानं चांगली तासभर तयारी केली होती. ट्रॅकच्या कडेला वाळू कशी असते, ॲम्ब्युलन्स कशी उभी असते, चामड्याचा सूट केवढा जाड, सगळं पाठ. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी त्याला मध्येच थांबवलं आणि एवढंच विचारलं, "तितं समोरनं कोन येतंय का?"

रफिक म्हणाला, "न्हाय काकी. समदी एकाच दिशेनं जात्यात."

"मग जाऊ दे."

तासाभराची तयारी वाया गेली म्हणून रफिक आठवडाभर चुकचुकत होता. महेशलासुद्धा समोरून काहीच आलं नव्हतं, हे त्या वेळी कुणी बोललं नाही. काकींना माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

* * *

कार्तिक कोइमतूरचा. वयानं पश्यापेक्षा लहान, आणि सगळ्या मोसमात पश्याला घाम फोडला तो त्यानंच. या रेसला हा पुढं, तर पुढच्या रेसला तो. पण माणूस लाख. आमच्या तंबूत स्टोव्हवर मटण शिजायला लागलं की हा वासावर हजर. बापूंना अप्पा म्हणायचा. त्याला वडील नव्हते.

पहिल्यांदा आला तेव्हा रफिकनं मुद्दाम त्याला तांबड्या रश्शाची वाटी भरून दिली. एका घोटात डोळ्यांतून धारा. पोरानं तरी वाटी खाली ठेवली नाही. संपवली, नाक पुसलं आणि इंग्लिशमध्ये विचारलं, "यात पेट्रोल किती टक्के?"

दुसऱ्या दिवशी सरावात पश्या घसरला आणि क्लचचा दांडा मोडला. आमच्याकडं जादा दांडा नव्हता. कार्तिकनं त्याच्या पेटीतला आणून दिला, स्वतः बसवूनही दिला. त्याच रेसमध्ये पश्यानं त्याला मागं टाकलं. संध्याकाळी तो पुन्हा जेवायला आला. बापू त्याला वाढता वाढता मला म्हणाले, "हे पोरगं हरलं तरी वाईट वाटतंय, जिंकलं तरी वाटतंय. कसला खेळ म्हणायचा ह्यो?"

* * *

आता बोर्डाचं सांगतो. रेसमध्ये गाडीवरच्या माणसाला मागचा किती लांब आहे हे समजायला काही साधन नसतं. मान वळवली की वेळ जातो. म्हणून दर फेरीला टीमचा एक माणूस ट्रॅकलगतच्या भिंतीवरून काळा बोर्ड बाहेर धरतो. त्यावर आकडा असतो. मागचा किती सेकंद मागं आहे, तो. आकडा मोठा असला की जरा दमानं घ्यायचं, लहान असला की जिवाच्या आकांतानं पळायचं. रफिक घड्याळ बघून आकडा सांगायचा आणि मी लावायचो.

बापू आधी ट्रॅकवर यायचेच नाहीत. दुकानात बसून फोनची वाट बघायचे. गेल्या मोसमात पहिल्यांदा आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी बोर्ड माझ्या हातातून काढून घेतला.

मी विचारलं, काय झालं?

"तुजं अक्षर बरं न्हाय."

अक्षर कसलं डोंबलाचं! पत्र्याचे छापील आकडे होते, खाचेत अडकवायचे. पण बापूंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आयुष्यभर दुकानापुढच्या फळीवर सरकी आणि गोळी पेंडीचे भाव त्यांनी स्वतः लिहिलेले. मी भिंतीवरून खाली उतरलो. नंतर रफिक मला बाजूला घेऊन म्हणाला, धरू दे. त्यांना नुसतं उभं ऱ्हावत न्हाय.

* * *

त्यानंतर बापूंनी बोर्डाचा सराव धरला. घरी! म्हणजे पेठेत, दुकानाच्या पायरीवर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बोर्ड घेऊन उभे राहायचे आणि फुटबॉलच्या सरावाला जाणारी पोरं बुलेटवरून ट्रिपल सीट आली की झपकन बाहेर काढायचे. कधी दोन, कधी पाच, जो हाताला येईल तो आकडा.

पोरांना वाटलं दंडाची काहीतरी नवी भानगड. एकानं तर गाडी लावून लायसनच काढून दाखवलं. गल्लीत आठ दिवस हाच विषय. बापूंची चेष्टा करायची सोय नव्हती, म्हणून लोकांनी माझी केली.

मी म्हटलं, बापू, बास करा, हसायला लागलेत लोक.

"हसू देत," ते म्हणाले. "बोर्ड बगून पोरं हळू जायला लागल्यात."

* * *

शेवटची रेस चेन्नईजवळच्या ट्रॅकवर. गुणांचा हिशेब एकदम सोपा झाला होता. पश्या आणि कार्तिक, दोघांत जो पुढं, तो चॅम्पियन. तिसऱ्याचा संबंधच नाही. कार्तिक सकाळी येऊन बापूंच्या पाया पडून गेला. बापूंनी त्याला जो आशीर्वाद दिला, तोच पश्याला दिला.

चारची वेळ, ऊन कलतीला. सुरुवातीपासून दोघं बाकीच्यांना सोडून पुढं गेले. एका फेरीला पश्या, दुसऱ्या फेरीला कार्तिक. रफिक आकडा सांगत होता, बापू लावत होते, एकही चूक नाही. चार फेऱ्या उरल्या तेव्हा पश्या पुढं निघाला आणि पुढं राहिला. मॅनेजर आमच्या मागं येऊन उभा राहिला. मला वाटलं, झालं आपलं काम.

तेवढ्यात आमच्या समोरच्याच वळणावर पश्याचं मागचं चाक सरकलं. गाडी आडवी झाली, त्याचा पाय हवेत गेला, आणि कशी कोण जाणे, पुन्हा उभी राहिली. सगळे ओरडले. बापू ओरडले नाहीत. ते बोर्डाकडं बघत राहिले.

पुढच्या वेळी गाड्या समोरून गेल्यावर रफिकनं घड्याळ बघून सांगितलं, "पॉइंट दोन." म्हणजे कार्तिक त्याच्या चाकाला चिकटून होता. बापूंनी चार लावला. पुरे चार सेकंद. म्हणजे मागं कुणी नाही, निवांत ये.

रफिकला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यानं कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. बापूंनी मान हलवली आणि बोर्ड तसाच बाहेर धरला. त्याच्या पुढच्या फेरीला पाच लावला. मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं. एका ढांगेत बोर्ड हिसकावता आला असता. रफिकनं हिसकावला नाही, मीही नाही. मला राग आला होता. अजूनही येतो, फक्त कुणावर ते ठरत नाही.

पश्या खरंच सैल पडला. शेवटच्या वळणाला त्यानं आतली बाजू मोकळी सोडली आणि कार्तिक तिथून घुसला. रेषेवर अर्ध्या चाकाचा फरक. काकींचा फोन आला, तेव्हा त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, जेवला का तो?

कार्तिक झेंडा खांद्यावर टाकून थेट आमच्या तंबूत आला आणि बापूंच्या गळ्यात पडून रडला. बापूंनी त्याची पाठ थोपटली. मॅनेजर निघून गेला. आम्ही गाडी चढवली, दोर आवळले आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुबळीच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो. रफिक मागं दोर तपासत होता. बाकड्यावर बापू, पश्या आणि मी. बापूंचा चहा तसाच निवत होता.

"पश्या," ते म्हणाले, "मी खोटं लावलं बोर्डावर. त्यो पोरगा तुज्या चाकाला हुता. मी चार लावलं, मग पाच लावलं."

पश्यानं घोट घेतला.

"ठावं हाय. शेवटच्या तिन्ही फेऱ्यांला सरळावर त्येची सावली माज्या बरोबरीनं पळत हुती."

बापू त्याच्याकडं वळले. त्यांनी विचारलं, "मग दाबली का न्हाईस गाडी?"

पश्यानं ग्लास बाकड्यावर ठेवला.

"तुमचा बोर्ड लई हलत हुता, बापू."